दहा वर्षांचा इजारा

आपल्याकडे एखाद्या मदरशाची, उर्दू शाळेची किंवा साहित्य मंडळाची वेबसाइट सुरू झाली की स्थानिक दैनिकात बातमी येते आणि बातमीत एक वाक्य हमखास असते : "संस्थेने स्वतःचे डोमेन विकत घेतले आहे." ट्रस्टींना बरे वाटते, देणगीदारांनाही वाटते. पण ते वाक्य खरे नाही. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, जगात कुणालाच विकत मिळत नाही. ते मुदतीने भाड्याने मिळते. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षे. गूगललाही दहाच, आणि आपल्या तालुक्यातल्या यतीमखान्यालाही दहाच.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दाकडे आधी लक्ष जाते. या व्यवहारासाठी आपल्या दोन्ही भाषांत चांगले शब्द पूर्वीपासून आहेत. इजारा आहे, मक्ता आहे, भाडेपट्टा आहे, कबुलायत आहे. मुदत हा शब्द तर अरबीतून येऊन मराठीत असा रुळला आहे की तो बाहेरचा आहे हे कुणाला सांगावे लागते. खरेदीखत आणि भाडेपट्टा यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला, भाडेकरूला, मुंबईत पागडीच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. पण संगणकाच्या पडद्यावर 'बाय नाऊ'चे बटण दिसले की तोच माणस समजतो, घेतले आपण. कंपन्या 'बाय' लिहितात, कारण 'भाड्याने घ्या' लिहिले तर गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारील. करारात मात्र मालक हा शब्द नसतो. तिथे आपण फक्त नोंदणीधारक असतो.

ही उतरंड कशी आहे ते एकदा नीट पाहून घेऊ. सर्वांत वर आयकॅन ही संस्था आहे. १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेली, नफा न मिळवणारी. तिच्या खाली प्रत्येक शेपटीचा एक सांभाळणारा असतो, त्याला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन नावाची कंपनी चालवते. आपल्या डॉट इनची रजिस्ट्री म्हणजे निक्सी, नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. ती २००३ मध्ये स्थापन झाली आणि २००५ पासून डॉट इन सर्वसामान्यांसाठी खुले झाले. रजिस्ट्रीच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीच्या वेबसाइटवर आपण कार्ड नाहीतर यूपीआयने पैसे भरतो ती. तिच्याही खाली पुष्कळदा एक पोटदलाल असतो, तो म्हणजे आपल्या गावचा वेबसाइट करून देणारा मुलगा. गंमत अशी की व्हेरिसाइनसुद्धा मालक नाही. तिचा आयकॅनशी झालेला करार सहा सहा वर्षांचा असतो; शेवटचा २०२४ च्या अखेरीस नव्याने झाला आणि २०३० पर्यंत चालेल. म्हणजे आपण ज्याच्याकडून भाड्याने घेतो तोही भाडेकरूच. आपण पोटभाडेकरूचे पोटभाडेकरू.

१९९५ पर्यंत तर भाडेही नव्हते. जगातले पहिले डॉट कॉम नाव सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी नोंदवले, तेव्हा अर्ज केला की नाव फुकट मिळे. १९९५ च्या सप्टेंबरात दोन वर्षांचे शंभर डॉलर असे शुल्क सुरू झाले आणि तेव्हापासून मुदत हा या व्यवहाराचा कणा झाला. सिम्बॉलिक्स कंपनी नंतर बुडाली, पण ते नाव अजून जिवंत आहे. शुल्क सुरू झाल्यापासून कुणीतरी भाडे चुकवू दिले नाही म्हणून.

आता दहा वर्षांचा हिशोब. तो लोकांना वाटतो त्याहून थोडा निराळा आहे. एका वेळी दहा वर्षांचे पैसे भरता येतात, पण कोणत्याही क्षणी पुढची शिल्लक मुदत दहा वर्षांच्या वर जाऊ शकत नाही. आज दहा वर्षांचे घेतले तर उद्या अकरावे वर्ष घेता येणार नाही. वर्षभर थांबा, एक वर्ष खर्ची पडेल, मग एक वर्ष वाढवता येईल. रजिस्ट्रार बदलला तर डॉट कॉमसारख्या नावांना साधारणपणे एक वर्ष वाढवून मिळते, पण तेही याच छताखाली. आणि मुदत संपण्याआधी चार महिने पैसे भरले तर ते चार महिने वाया जातात असा जो समज आहे तो निराधार आहे. नवे वर्ष जुन्या मुदतीच्या शेवटच्या तारखेला जोडले जाते, पैसे भरल्याच्या तारखेला नाही. हे साधे गणित ठाऊक नसल्यामुळे कितीतरी हिशेबी खजिनदार शेवटच्या दिवसाची वाट बघत बसतात. देशोदेशीच्या शेपट्यांचे नियम थोडेफार वेगळे आहेत. सध्या ज्याची चलती आहे ते डॉट एआय एका वर्षासाठी मिळतच नाही, किमान दोन वर्षांचे घ्यावे लागते.

मग 'आजीवन डोमेन', 'शंभर वर्षांचे डोमेन' अशा जाहिराती येतात त्यांचे काय? वर्डप्रेस डॉट कॉमने ऑगस्ट २०२३ मध्ये शंभर वर्षांची योजना आणली, किंमत ३८,००० डॉलर. घेणारे घेतही असतील. पण त्या योजनेतही रजिस्ट्रीकडे शंभर वर्षांची नोंद होत नाही, कारण तशी सोयच नाही. कंपनी आपल्याला वचन देते की, मुदत संपत आली की आम्ही तुमच्या वतीने पुन्हा पुन्हा भाडे भरत राहू. वचन कंपनीचे, आणि शंभर वर्षे टिकलेल्या कंपन्या जगात किती आहेत ते प्रत्येकाने आपापल्या शहरातल्या बाजारपेठेत फेरी मारून पाहावे. मी अशा योजनेला फसवणूक म्हणणार नाही. पण मदरशाच्या पैशातून मी ती घेऊ देणार नाही.

एक मतप्रवाह असा आहे की ही दहा वर्षांची मर्यादाच अन्यायाची आहे. पैसे द्यायला तयार असलेल्याला नाव कायमचे का देऊ नये? माझे मत उलटे आहे, आणि ते तयार झाले ते फिकहच्या एका जुन्या चर्चेमुळे. वक्फची जमीन किंवा घर भाड्याने द्यायचे तर किती मुदतीने द्यावे, यावर हनफी फकीहांनी पुष्कळ विचार केला आहे. त्यांचा सर्वसाधारण कौल असा होता की घर एका वर्षाहून अधिक आणि शेतजमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीने देऊ नये. कारण अगदी व्यवहारी होते : भाडेकरू फार काळ बसला की लोक त्यालाच मालक समजू लागतात, तोही समजू लागतो, आणि दोन पिढ्यांनी वक्फ कुठे होता याचा साक्षीदार उरत नाही. आपल्या देशातल्या १९९५ च्या वक्फ कायद्याच्या मूळ मसुद्यातही तीन वर्षांवरचा भाडेपट्टा रद्दबातल ठरवला होता; २०१३ च्या दुरुस्तीने शिक्षण, आरोग्य, व्यापार अशा कारणांसाठी तो तीस वर्षांपर्यंत देण्याची वाट मोकळी झाली. दीर्घ मुदतीच्या, नाममात्र भाड्याच्या पट्ट्यांनी महाराष्ट्रातल्या वक्फ मिळकतींचे काय झाले हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायला नको.

नावांचेही तसेच आहे. चांगली, छोटी, सोपी नावे मोजकी असतात. ती कायमची देऊन टाकली असती तर १९९६ साली ज्याच्या हातात क्रेडिट कार्ड होते त्याच्या नातवंडांच्या ताब्यात आज सगळी नावे पडून राहिली असती, वापरात असोत वा नसोत. मुदत आहे म्हणून न वापरलेले नाव कधीतरी परत बाजारात येते. आपला समाज या जागेवर उशिरा पोचला. उशिरा येणाऱ्याने तरी मुदतीच्या नियमाविरुद्ध तक्रार करू नये.

तक्रार करायची असेल तर ती आपल्याच गाफीलपणाविरुद्ध करावी लागेल.

मुदत संपल्यावर काय होते ते पाहा. डॉट कॉमच्या बाबतीत तारीख उलटल्यावर साधारण शून्य ते पंचेचाळीस दिवसांची सवलत असते. किती द्यायची ते रजिस्ट्रार ठरवतो. या काळात वेबसाइट बंद पडते, ईमेल बंद पडतात, पण नेहमीच्या भाड्यात नाव परत चालू करता येते. त्यानंतर तीस दिवसांचा सोडवणुकीचा काळ. इथे नाव अजून आपलेच असते, पण सोडवून घ्यायला नेहमीच्या भाड्याच्या कित्येक पट दंड मोजावा लागतो. सावकाराकडे गहाण टाकलेल्या दागिन्यासारखे. मग पाच दिवस असे की ज्यात कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळे होते आणि जगात कुणीही ते घेऊ शकतो. 'कुणीही' म्हणजे बहुतेक वेळा माणूस नसतोच. मोकळ्या होणाऱ्या नावांवर टपून बसलेली यंत्रे असतात, ती क्षणार्धात नाव उचलतात. शिवाय पुष्कळ रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच नाव लिलावाला लावतात, त्यामुळे नाव मोकळे होईपर्यंत वाट पाहू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जुन्या नावाला किंमत का येते? कारण दहा वर्षांत शंभर ठिकाणी त्याचे दुवे लागलेले असतात, गूगलला ते ओळखीचे झालेले असते. ही कमावलेली पत जुगारवाल्यांना हवी असते. एका तालुक्याच्या गावातल्या ट्रस्टचे असेच झाले. मदरसा, मुलींची शाळा, छोटे ग्रंथालय, सगळे नीट चाललेले. वेबसाइट एका होतकरू मुलाने करून दिली, नाव त्याने स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. तेच सोपे होते. पुढे तो आखातात नोकरीला गेला, जुना ईमेल उघडणे बंद झाले, स्मरणपत्रे तिथेच पडून राहिली. एका रमजानच्या तोंडावर त्या पत्त्यावर ऑनलाइन रमी आणि क्रिकेटच्या सट्ट्याची जाहिरात दिसू लागली. तोवर सहरी-इफ्तारचे वेळापत्रक छापून झाले होते. तळाला ट्रस्टचे नाव, फोन आणि तो वेबसाइटचा पत्ता. गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुस्लिम घराच्या भिंतीवर, घड्याळाच्या शेजारी, महिनाभर जुगाराच्या अड्ड्याचा पत्ता टांगलेला होता. एक बुजुर्ग विश्वस्त मला विचारत होते, "सर, नाम तो अपनाच है, फिर दुसरा कैसा लिया?" त्यांना काय सांगायचे? नाव आपले कधीच नव्हते, इजारा संपला, दुसऱ्याने घेतला. पोलिसांत जाण्यासारखा गुन्हाही त्यात घडलेला नव्हता.

जुगाराची जाहिरात दिसली हे एका अर्थाने नशीबच. ती निदान दिसते तरी. तेच नाव एखाद्या भामट्याने घेतले, जुने पान जसेच्या तसे उभे केले आणि खाली स्वतःचा क्यूआर कोड लावला तर? रमजानच्या शेवटच्या दहा रात्रींत घाईने जकात पाठवणारा मुंबईचा किंवा दुबईचा माणूस कोडखालचे नाव दोनदा वाचत नाही. शिवाय ज्याच्या हाती नाव, त्याच्या हाती त्या नावावर येणारे ईमेलही. जुन्या पत्त्यावर आलेली पालकांची पत्रे, बँकेचे निरोप, पासवर्ड बदलायचे दुवे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या वेगळ्या कुंपणात जायला लावले, ते लोकांना बँकेची खरी वेबसाइट आणि नकली वेबसाइट यांत फरक करता यावा म्हणूनच. देणगी गोळा करणाऱ्या संस्थांसाठी असे कुंपण नाही.

स्मरणपत्रांचा नियम आहे. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत एक, अशी पत्रे रजिस्ट्रारने पाठवलीच पाहिजेत. ती जातातही. प्रश्न कुठे जातात हा आहे. सगळ्यांत हास्यास्पद प्रकार म्हणजे संस्थेने नोंदणीत त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असतो. नाव बंद पडले की ईमेल बंद, आणि तुमचे नाव बंद पडले हे सांगणारे पत्र त्याच बंद दारावर आपटून परत जाते.

दुसरा सापळा आपल्या देशाचा खास आहे. लोक म्हणतात, आम्ही आपोआप नूतनीकरण चालू ठेवले आहे. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून परस्पर पैसे वळते होणे अवघड झाले. ग्राहकाने बँकेकडे तशी रीतसर परवानगी नोंदवलेली हवी, प्रत्येक वेळी चोवीस तास आधी सूचना हवी, आणि ठरावीक रकमेच्या वर गेले की ओटीपी हवाच. नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. पण अनेक परदेशी कंपन्यांकडे ठेवलेली जुनी कार्डे त्यामुळे निरुपयोगी झाली. पडद्यावर आपोआप नूतनीकरणाचे बटण हिरवे दिसत राहते आणि बँक पैसे सोडत नाही. शिवाय कार्डालाही मुदत असते, आणि कार्डधारकालाही.

विसरण्याच्या बाबतीत मोठ्यांनीही काही कमी केलेले नाही. १९९९ च्या नाताळात जगभर हॉटमेल अडखळले, कारण त्यामागे असलेल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे भाडे मायक्रोसॉफ्ट भरायला विसरली होती. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरून ते चालू केले. फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकारांचे ईमेल बंद पडले, कारण तेच. या गोष्टी आपल्याकडच्या सभांत मी मुद्दाम सांगतो, कारण त्या सांगितल्या की विश्वस्तांच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव जातो आणि मग ते ऐकू लागतात. आपल्याला तंत्रज्ञान कळत नाही म्हणून हे घडते, असे नाही. मायक्रोसॉफ्टला तंत्रज्ञान कळत नव्हते असे कोण म्हणेल? हे काम कुणा एकाचे असे ठरलेले नसते म्हणून घडते. आपल्याकडे त्या कामाला फार जुना शब्द आहे. मुतवल्ली. मिळकत त्याची नसते, राखण त्याची असते.

आता एक प्रश्न मला दोन-तीन ठिकाणी विचारला गेला : वेबसाइट वक्फ करता येईल का, सदका-ए-जारिया म्हणून? मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण वक्फची मूळ कल्पना आपल्याला ठाऊक आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने त्यांनी ती अशी बांधून ठेवली की मूळ जमीन विकली जाऊ नये, बक्षीस दिली जाऊ नये, वारशात वाटली जाऊ नये, आणि उत्पन्न गरजूंना मिळावे. मूळ कायम राहणे ही त्यातली अट. डोमेनचे मूळ आपले नाही आणि कायमही नाही. भाडेकरू घर वक्फ करू शकत नाही, तसेच हे.

पण भाडे भरण्यासाठी पैसा बांधून ठेवता येईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो माझ्या मते अधिक कामाचा आहे. रोख रकमेच्या वक्फवर सोळाव्या शतकात उस्मानी साम्राज्यात मोठा वाद झाला. शैखुल इस्लाम अबुस्सऊद एफेंदी यांनी त्याला मान्यता दिली, बिरगिवींनी कडाडून विरोध केला. मान्यता देणारे इमाम अबू हनिफांचे शिष्य इमाम जुफर यांच्या मताचा आधार घेत. विरोधकांची मुख्य शंका हीच होती की पैसा जमिनीसारखा टिकत नाही. आपल्याला इतक्या खोलात जायची गरज नाही. हिशोब करा. डॉट इनचे नाव आज साधारण सहाशे ते हजार रुपये वर्षाला पडते, डॉट कॉम त्याहून थोडे जास्त, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत देणारे पुढच्या वर्षी पुरेपूर वसूल करतात, तेव्हा पहिला आकडा बघून भुलू नये. दहा वर्षांचे मिळून फार तर दहा-पंधरा हजार. एका इफ्तार पार्टीच्या मंडपाचे भाडे. कुणीतरी दानशूराने एकदा ही रक्कम 'नावाच्या भाड्यासाठी' म्हणून वेगळी द्यावी आणि ट्रस्टच्या वहीत तिचे वेगळे पान असावे. जकातीतून मात्र नको. जकातीचे हकदार ठरलेले आहेत आणि वेबसाइट त्यांत बसत नाही.

दहा वर्षांचे एकदम घ्यावे की दरवर्षी भरावे? कंपन्या दहा घ्या म्हणतात, आणि भाववाढीच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही आहे. डॉट कॉमचा घाऊक दर २०१२ पासून २०२१ पर्यंत ७.८५ डॉलरवर होता. त्यानंतर चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ झाला. पण दहा वर्षांचे एकदा भरून मोकळे होण्यात मला एक धोका दिसतो. दहा वर्षांत सचिव बदलतो, फोन नंबर बदलतो, ज्याने भरले तो अल्लाहला प्यारा होतो, आणि अकराव्या वर्षी हे भाड्याचे आहे हेच कुणाला ठाऊक नसते. ताजमहालाच्या आकाराची विस्मृती दहा वर्षांत बांधून होते. म्हणून माझा आग्रह असा की सुरुवातीला दहा वर्षे घ्यावीत, पण नंतर दरवर्षी एक वर्ष वाढवत राहावे. म्हणजे मुदत कायम नऊ-दहा वर्षे पुढे राहील, आणि दरवर्षी एकदा कुणाला तरी खाते उघडावे लागेल, पासवर्ड आठवावा लागेल, ईमेल चालतो का ते कळेल. एखादे वर्ष चुकले तरी आभाळ कोसळत नाही. तारीख मात्र इंग्रजी महिन्याची धरावी. आपल्या पुष्कळ संस्थांचा हिशोब रमजान ते रमजान चालतो आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, रजिस्ट्रारची तारीख सरकत नाही. वार्षिक सभा, ऑडिट, जी काही इंग्रजी तारखेची गोष्ट असेल तिला हे बांधून टाकावे.

नाव संस्थेच्या नावावर आहे का, हे आजच पाहता येते. नोंदणीची माहिती सार्वजनिक असते, सातबाऱ्यासारखी. युरोपातल्या २०१८ च्या गोपनीयता कायद्यानंतर माणसांची नावे-पत्ते पुष्कळदा झाकलेले असतात, पण नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रजिस्ट्रार कोण, एवढे दिसते. पुढचे खात्यात शिरून पाहावे लागते. खाते कुणाचे, ईमेल कुणाचा, पावती कुणाच्या नावाची. २०२५ मध्ये उमीद पोर्टलवर वक्फ मिळकतींची कागदपत्रे सहा महिन्यांत चढवायची वेळ आली तेव्हा किती ठिकाणी मुतवल्लींच्या जुन्या पेट्या उपसाव्या लागल्या, ते आपण बघितले आहे. डोमेनची पेटी निदान लहान आहे.

काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, फेसबुकचे पान आहे, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. ते फुकट आहे हे खरे. पण तिथे तर भाडेपट्टाही नाही. तिथे आपण दुसऱ्याच्या ओट्यावर बसलेलो आहोत. ओटेवाल्याने उठवले तर जाब कुणाला विचारणार? डोमेनच्या इजाऱ्यात निदान मुदत लिहिलेली असते आणि ती संपेपर्यंत, नियम पाळले तर, सहसा कुणी हलवत नाही. याहू कंपनीने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले तेव्हा तिथे फुकट घरे बांधून बसलेल्या असंख्य लोकांची पाने एका झटक्यात गेली.

मला सगळ्यांत जास्त काळजी मराठी मुस्लिम लेखनाची आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्या पिढीचे लेखन कागदावर होते. अंक फाटले, वाळवी लागली, तरी कुठल्या तरी ग्रंथालयात, कुणाच्या तरी माळ्यावर एखादी प्रत सापडते. आमच्या पिढीने गेल्या पंधरा वर्षांत जे लिहिले त्यातले पुष्कळसे फक्त पडद्यावर आहे. तलाकवर, आरक्षणावर, दख्खनी बोलीवर, शाळांवर, दंगलींवर लिहिलेले. लेखक गेला की भाडे थांबते, भाडे थांबले की लेखन जाते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. ही सगळ्या जगाची गत, आणि त्यात पैसेवाल्या कंपन्यांची पानेही आली. ज्यांच्यामागे संस्था नाही, विद्यापीठ नाही, अशा लेखनाची गत याहून बरी असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

यावर एक उपाय फुकट आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते. तिच्या वेबॅक मशीनवर आपल्या लेखाचा पत्ता टाकून 'हे पान जपून ठेवा' असे सांगता येते. नाव गेले तरी ती प्रत राहते. शोधणाऱ्याला जुना पत्ता ठाऊक असावा लागतो, म्हणून आपल्या लेखांच्या पत्त्यांची यादी कागदावर छापून ठेवावी. दहावीच्या वर्गातली मुले हे काम एका तासात शिकतात, मी करून घेतले आहे. ज्येष्ठ लेखकांच्या घरी एका रविवारी दोन विद्यार्थी पाठवले तर त्यांचे सगळे लेखन एका दिवसात जपले जाईल आणि मुलांना चहासोबत दोन गोष्टी ऐकायला मिळतील.

नाव कोणते घ्यावे, याबद्दल एक लहानशी भर. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत मिळते. पुढे इतर लिप्या आल्या, उर्दूही आली, आणि आज संविधानातल्या बावीसही भाषांत ते उपलब्ध आहे. मुदत तिथेही दहाच वर्षे. उर्दू शाळेने आपले नाव एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत नोंदवावे असे मला मनापासून वाटते, पण एकटे त्यावर विसंबू नये. अजून पुष्कळ ठिकाणी, विशेषतः ईमेलला, हे पत्ते अडतात. आणि देशाच्या नावाची शेपटीसुद्धा अमर नसते. युगोस्लाव्हिया फुटला, आणि डॉट वाययू ही त्याची शेपटी मार्च २०१० मध्ये कायमची काढून टाकली गेली. ज्यांनी वेळेत नाव बदलले नाही त्यांची पाने तिच्याबरोबर गेली. त्यांच्यातल्या काहींचे भाडे भरलेले असेलच.

त्या तालुक्याच्या ट्रस्टने आता डॉट इन घेतले आहे, ट्रस्टच्या नावावर, दहा वर्षांचे. ईमेल वेगळा, पासवर्ड पाकिटात, पाकीट तिजोरीत, आणि तिजोरीची एक किल्ली मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे, कारण विश्वस्त बदलत राहतात आणि त्या अजून अकरा वर्षे तिथे आहेत. जुने नाव परत मिळवायचा नाद सोडून द्या, असे मी सांगितले. यंदाच्या वेळापत्रकावर नवा पत्ता आहे. जुनी वेळापत्रके काही घरांत अजून भिंतीवर आहेत, ती काढून टाका म्हणून दोन जुम्यांना मशिदीतून सांगितले गेले. काढणारे काढतील.